गव्हाणीत काय उरलं?

गोठ्यात पाऊल टाकलं की मी आधी गव्हाणीत वाकून बघतो. मालक दूध कमी झाल्याचं सांगत असतो, म्हैस शेपटी हलवत उभी असते, आणि मी खाली हात घालून सकाळची वैरण चाळवत असतो. नुसते बुंधे उरलेत की पाल्यासकट सगळं तसंच पडलंय? तळाशी धूळ साचलीय का? कालचा ओला थर आंबून वास मारतोय का? पशुवैद्यक म्हणून माझी नोकरी वाडा, जत आणि शिरोळ अशा तीन तालुक्यांत झाली. चाऱ्याच्या दृष्टीनं हे तीन वेगळे मुलूख. एकीकडे डोंगरी गवत आणि भाताचा पेंढा, दुसरीकडे शाळूचा कडबा, तिसरीकडे उसाचं वाढं. म्हैस मात्र तिन्हीकडे तीच, आणि तिची तक्रारही तीच. ती सांगायची पद्धत फक्त गव्हाणीत दिसते.

दूध घटलं की लोक आधी पेंडीचं पोतं वाढवतात. मग कॅल्शियमची बाटली येते, मग डॉक्टर. वैरणीबद्दल विचारलं तर उत्तर ठरलेलं: "वैरण काय, पोटभर टाकतोय." किती टाकली ते प्रत्येकाला तोंडपाठ असतं. पोटात किती गेली हे सांगणारा माणूस मला क्वचितच भेटला. माझ्या मते दुधाचा आणि खर्चाचा अर्ध्याहून अधिक हिशेब या दोन आकड्यांमधल्या फरकात दडलेला असतो.

पाचशे किलो वजनाची दुभती म्हैस धरा. तिला दिवसाला तिच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा भाग पोटात जावा लागतो, म्हणजे 12 ते 15 किलो. कोरडा भाग म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा जाता उरतं ते. यातला साधारण एक तृतीयांश खुराकातून येतो आणि बाकीचे आठ-दहा किलो वैरणीतून यावे लागतात. वाळलेल्या कडब्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणून दहा-अकरा किलो कडबा पोटात गेला तर काम भागतं. हिरव्या वाढ्यात पाणी सत्तर टक्के. तेवढाच कोरडा भाग त्यातून मिळवायचा तर तीस-पस्तीस किलो वाढं खावं लागतं. भारा तोच दिसतो, पण पोटात जाणारा ऐवज निराळा.

आता ती किती खाईल हे कोण ठरवतं? भूक ठरवते असं आपण म्हणतो, पण जाडीभरडी वैरण खाणाऱ्या म्हशीत ते मुख्यतः कोठीपोट ठरवतं. त्यात शंभर लिटरच्या वर माल मावतो. तिथले जंतू चोथा कुजवतात आणि म्हैस तो पुन्हा तोंडात आणून रवंथ करते. कोठीपोटातून पुढे जायच्या वाटेवर जणू चाळण बसवलेली आहे. तुकडा दोन-तीन मिलिमीटरच्या खाली येईपर्यंत पुढे सरकत नाही. तोवर जागा अडलेली, आणि जागा अडली की म्हैस तोंड फिरवते. पोट भरलेलं असतं आणि अंग उपाशी. लाकडासारखा बुंधा दोन-दोन, तीन-तीन दिवस आत पडून राहतो. म्हैस दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते, त्याच्या वर ते फारसं वाढवता येत नाही, कारण दिवस चोवीस तासांचाच आहे. अनेक प्रयोगांत असं दिसलं आहे की म्हैस गायीपेक्षा चोथा थोडा जास्त वेळ पोटात ठेवते आणि त्यातून अधिक कस काढते. निकृष्ट वैरणीवर ती तग धरते त्याचं एक कारण हे. पण वैरण फारच निबर असेल तर हाच गुण तिला नडतो: जुना माल जागेवरून हलत नाही आणि नवा आत घेता येत नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करणाऱ्या पीटर व्हॅन सोएस्ट यांनी 1960च्या दशकात चाऱ्यातला हा चोथा मोजायची पद्धत घालून दिली. त्या मोजमापाचं एनडीएफ हे नाव आज प्रत्येक चारा-अहवालावर असतं. कॉलेजात ते पाठ केलं होतं. त्याचा अर्थ कळला तो जतला.

जतकडे शाळूचा कडबा म्हणजे घरातलं धान्यच. मालदांडी वाणाची पेंढी हातात घेऊन जुनी माणसं बुंधा दाताखाली चावून बघतात. गोडी लागली की म्हणतात, "ह्यो जनावर सोडणार नाय." भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर पेंढ्यांवर ठरतो आणि पेंढीच्या पाल्यावर, रंगावर, बुंध्याच्या गोडीवर तो वर-खाली होतो. हैदराबादच्या कडब्याच्या बाजाराचा संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा प्रयोगशाळेत पचनीयतेचा जेमतेम पाच टक्क्यांचा फरक दिसणाऱ्या कडब्यांमध्ये भावाचा फरक पाव हिश्शाच्या घरात निघाला. प्रयोगशाळेतलं यंत्र जे सांगतं ते व्यापाऱ्याच्या हाताला आणि दाताला आधीच कळलेलं असतं. ज्वारीच्या बियाण्याची जाहिरात करताना नुसतं दाण्याचं उत्पन्न सांगणाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घ्यायला हवी, असं मला कायम वाटत आलं आहे.

जतला पूर्वी पेंढी सोडून तशीच गव्हाणीत टाकायची रीत होती. म्हैस जीभ लांब करून आधी पाला ओढते, मग शेंड्याकडचा कोवळा भाग, आणि जाड बुंधे सारून बाजूला करते. काही पायाखाली जातात, त्यावर शेण-मूत पडतं, मग त्याला कोणी तोंड लावत नाही. टाकलेल्याचा चौथा हिस्सा, कधी तिसरा हिस्सासुद्धा उकिरड्यात गेलेला मी पाहिला आहे. ज्या घरात अडकित्ता होता, तिथली सून किंवा मुलगी संध्याकाळी बसून पेंढ्या कापायची. तो अडकित्ता चालवायला खांद्यात ताकद लागते. चार म्हशींची कुट्टी हातानं करणाऱ्या बायकांच्या दंडाचं दुखणं मी जनावरं तपासताना ऐकलं आहे. मोटरवरचं कुट्टीयंत्र आलं तेव्हा गावात सर्वांत आधी आनंद झाला तो त्यांना.

कुट्टी केली की वाया जाणारी वैरण झपाट्यानं कमी होते, यात शंका नाही. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे झाले की पाला वेगळा ओढता येत नाही, सगळं मिसळून खावं लागतं. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, आणि ती यंत्र विकणारा सांगत नाही. कुट्टीनं वैरणीचा काप बदलतो, कस बदलत नाही. आधी म्हैस निवडून पाला खात होती, त्यात प्रथिनं जास्त, पचायला हलका. आता पाल्याबरोबर बुंधाही खाते. खाल्लेल्याचं वजन थोडं वाढतं आणि प्रत्येक घासातला कस थोडा उतरतो. म्हणून कडबा भरपूर असेल तर दुभत्या म्हशीला निवडायला थोडी मोकळीक द्यावी, दहातला एक हिस्सा गव्हाणीत उरू द्यावा, आणि तो भाकड जनावरापुढे टाकावा, असं मी सांगतो. कडबा तोकडा असेल त्या वर्षी मात्र कुट्टीशिवाय इलाज नाही. दोन्ही वेळी एकच नियम लावणाऱ्या पत्रकांशी माझं कधी जमलं नाही.

एका वर्षी जतच्या पूर्व भागातल्या एका वस्तीवरून निरोप आला. तिथल्या मावशी तीन पंढरपुरी म्हशी सांभाळत होत्या. ही जात म्हणजे तलवारीसारखी लांब शिंगं, अंगानं हलकी, आणि कमी चाऱ्यावर टिकणारी म्हणून सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे मान असलेली. कोल्हापुरात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देतात त्या कट्ट्यावर हीच म्हैस दिसायची. मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, ह्ये बगा की, कडबा चांगला हाय, कुट्टी केलीया, तरी म्हस तोंड लावंना. इंजेक्शन द्या." कडबा खरंच चांगला होता. पिवळसर हिरवा, पाला टिकलेला, कुठे काळी बुरशी नाही. ताप नव्हता, पोट फुगलेलं नव्हतं. मी विचारलं, "मावशी, पाणी किती वेळा?" त्यांनी मान खाली घातली. टँकर एक दिवसाआड येत होता. म्हशींना सकाळी एक बादली आणि संध्याकाळी एक बादली.

कोरड्या वैरणीच्या किलोमागे चार लिटर तरी पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दुभत्या म्हशीला वैशाखात सत्तर-ऐंशी लिटर पाणी सहज लागतं. कोठीपोट ओलं नसेल तर जंतूंचं काम थंडावतं आणि कोरडी कुट्टी आत गोळा होऊन बसते. म्हैस शहाणी, ती खाणं थांबवते. मी इंजेक्शन दिलं नाही. खुराक पाण्यात कालवून कुट्टीवर शिंपडायला सांगितलं, वैरण रात्री टाकायला सांगितली, आणि सरपंचांना भेटून त्या वस्तीची पाण्याची खेप वाढवायची विनंती केली. पाणी वाढलं तशी दोन-तीन दिवसांत गव्हाण रिकामी होऊ लागली. चारा छावण्यांतही मी हेच पाहिलं. उसाचा हिशेब वहीत काटेकोर ठेवलेला असायचा, पाण्याच्या हौदाकडे मात्र कोणाचं लक्ष नसायचं.

रात्रीच्या वैरणीचं कारणही सांगायला हवं. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा फारच कमी. चोथा कुजताना पोटात उष्णता तयार होते. भर दुपारी ती उष्णता बाहेर टाकणं तिला जड जातं, म्हणून ती खाणंच कमी करते. जाडी वैरण संध्याकाळी उशिरा आणि पहाटे, दुपारी थोडं हिरवं आणि अंगावर पाणी, एवढा बदल केला तरी उन्हाळ्यातलं खाणं बरंच सावरतं. यासाठी पैसे लागत नाहीत, फक्त कोणीतरी रात्री दहाला उठून गोठ्यात जावं लागतं.

काप जितका बारीक तितकं बरं, असा समज शिरोळला गेल्यावर भेटला. एका तरुणानं कुट्टीवर न थांबता कडबा भरड्याच्या यंत्रातून काढायला सुरुवात केली. वैरणीचं पीठच. म्हशी पहिल्या आठवड्यात तुटून पडल्या आणि खाणं वाढलं, कारण चाळणीतून माल पटापट सरकत होता. मग दूध संस्थेत फॅट घसरायला लागलं. शेण पातळ झालं. एक म्हैस पाय धरू लागली. गोठ्यात उभं राहिलं तर जाणवायचं की दुपारी एकही म्हैस रवंथ करत नाहीये. चावावं लागतं तेव्हा लाळ सुटते. मोठ्या जनावरात दिवसाला शंभर लिटरच्या घरात लाळ तयार होते आणि तिच्यातल्या क्षारांनी कोठीपोटातलं आम्ल आवरलं जातं. पीठ चावावं लागत नाही, लाळ कमी, आम्ल वाढतं, आणि चोथा कुजवून दुधाच्या फॅटला कच्चा माल पुरवणारे जंतू मागे पडतात. शिवाय माल इतक्या वेगानं पुढे जातो की कस काढायला वेळच मिळत नाही. म्हशीच्या दुधाचा भाव 6 फॅट आणि 9 एसएनएफवर बांधलेला. त्याच्या खाली आलं की दर उतरतो. त्या तरुणानं यंत्राची चाळण काढून टाकली, पुन्हा बोटाच्या पेराएवढी कुट्टी सुरू केली. काही आठवड्यांत फॅट आपल्या जागी आलं.

कुट्टीबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती बोलताना मला अजूनही त्रास होतो. म्हैस ओठांनी निवडत नाही, जिभेनं गोळा करून गिळते. वैरणीत तारेचा तुकडा असेल तर तो जाळीपोटात जातो, तिथून पडदा भेदून हृदयाकडे. पेंढीतली लांब तार एखाद्या वेळी गव्हाणीत वेगळी पडते, दिसते. कुट्टीयंत्रातून गेली की तिचे बोटभर टोकदार तुकडे होतात आणि कुट्टीत दिसेनासे होतात. मानेखाली सूज आलेली, पुढचे पाय फाकवून उभी राहिलेली म्हैस पाहिली की मला यंत्राच्या तोंडाशी कोणी उभं होतं की नाही हेच विचारावंसं वाटतं. यंत्राच्या पन्हाळीला एक लोहचुंबक लावा, पेंढ्या तारेनं बांधू नका, आणि गंजीजवळ लोखंडाचं भंगार टाकू नका, हे मी प्रत्येक मेळाव्यात सांगत आलो.

शिरोळचा चारा म्हणजे वाढं. साखर कारखाने सुरू झाले की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत ऊसतोड टोळ्यांकडून मोळ्या विकत घ्यायच्या. म्हशी ते आवडीनं खातात, गोडीमुळे. पण नुसत्या वाढ्यावर ठेवलेल्या म्हशींमध्ये पुढचा पेच असतो. वाढ्यात ऑक्झॅलेट जास्त, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर नेतं. प्रथिनं बेताची. म्हैस पोटभर खाते, अंग धरत नाही, माजावर यायला उशीर करते. चुन्याची निवळी शिंपडणं, रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण, सोबत थोडं लसूणघास किंवा हरभऱ्याचा भुसा, हे तिकडे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. वाढ्याची कुट्टी करताना ती ताजी करावी. सकाळी कापून ढीग घातला तर संध्याकाळपर्यंत तो आतून गरम होतो, आंबट वास धरतो आणि म्हैस वरचा थर खाऊन बाकीचा सोडते. लोक म्हणतात, "हिला कुट्टी नको झालीय." नको असतो तो तापलेला ढीग.

वाड्याकडची गोष्ट अगदी वेगळी. मुंबईच्या तबेल्यांना जाणारं वाळलेलं गवत ठाणे-पालघरच्या माळांवरून जातं. गवताचा कस कापणीच्या दिवसावर ठरतो. फुलोऱ्यात असताना कापलं तर प्रथिनं टिकतात, पण तेव्हा पाऊस असतो आणि गवत वाळत नाही, कुजतं. दिवाळीनंतर कापलं तर वाळतं छान, ट्रकही भरतो, पण तोवर बी झडून काडीत लिग्निन भरलेलं असतं. कुसळीचं गवत असेल तर कुसळं हिरड्यांत आणि जिभेत रुततात. म्हैस भुकेली असून गव्हाणीपासून मागे सरते, तेव्हा तोंड उघडून बघावं.

भाताच्या पेंढ्यानं तर मला कडब्याच्या उलट धडा दिला. ज्वारीत पाला पचायला सोपा आणि बुंधा जड. भातात पानांमध्ये सिलिका जास्त, त्यामुळे पात्यापेक्षा काडी बरी पचते. पाला चांगला, बुंधा टाकाऊ ही जतची समजूत घेऊन मी वाड्याला गेलो असतो तर चुकलो असतो. नशिबानं माझी बदली उलट क्रमानं झाली. पेंढ्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के. कडब्यात तीन ते पाच, गव्हाच्या भुशात तीनच्या आसपास. साधारण सात टक्क्यांच्या खाली गेलं की कोठीपोटातल्या जंतूंचीच उपासमार होते. जंतू कमी, चोथा फुटत नाही, पोट अडकून राहतं, खाणं घटतं. म्हणून कितीही बारीक कापलेला पेंढा नुसता खाऊ घातला, तर म्हैस वजनाच्या दीड टक्क्याच्या पुढे जाताना कष्टते. त्याच पेंढ्यासोबत किलो-दोन किलो लसूणघास, सुबाभळीचा पाला किंवा थोडी सरकी पेंड दिली की ती तोच पेंढा जास्त खाते. लोकांना हे विचित्र वाटतं, की पेंड दिल्यावर वैरण कमी लागायला हवी. प्रमाणातली पेंड वैरणीची भूक वाढवते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं (एनडीडीबी) 1980च्या दशकात युरिया आणि मळीच्या चाटणविटा पसरवल्या त्यामागे हाच विचार होता.

कस बदलायचा असेल तर प्रक्रिया लागते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत चाराटंचाई होती तेव्हा बेकमान यांनी काडाला कॉस्टिक सोड्यात भिजवून पचनीय करण्याची रीत काढली. आपल्याकडे त्या जागी युरिया आला, कारण तो खताच्या दुकानात मिळतो आणि हाताळायला सोपा. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात विरघळवून. जमिनीवर प्लॅस्टिक, त्यावर थर, त्यावर झारीनं द्रावण, पायांनी दाबायचं, पुन्हा थर. वरून प्लॅस्टिक गच्च बांधायचं आणि तीन आठवडे हात लावायचा नाही. आत युरियाचा अमोनिया होतो, तो चोथ्याची बांधणी सैल करतो. काही अंश पेंढ्यातच राहतो, त्यामुळे प्रथिनांचा आकडा जवळपास दुप्पट होतो.

गंजी उघडायचा दिवस मला आवडायचा. प्लॅस्टिक वर केलं की डोळ्यांतून पाणी येईल असा वास. पेंढा फिक्याचा गडद सोनेरी झालेला, मुठीत दाबला की मऊ, काडी कडकन मोडत नाही, वाकते. तो तास-दोन तास पसरून ठेवायचा, वास उडाला की साध्या पेंढ्यात मिसळून मूठमूठ वाढवत न्यायचा. पहिल्या दिवशी म्हैस हुंगून मान वर करते. चौथ्या-पाचव्या दिवशी तीच म्हैस दुसरीच्या वाट्याचं ओढते. सहा महिन्यांच्या आतल्या रेडकांना हा चारा द्यायचा नाही, आणि युरिया पाण्यात विरघळवून ते पाणी पाजायचं तर कधीच नाही. टंचाईच्या दिवसांत तहानलेल्या जनावरानं द्रावणाच्या बादलीत तोंड घातलं आणि तासाभरात ते दगावलं, असा प्रकार माझ्या भागात घडलेला आहे. बादल्या मोजून ठेवा हे मी त्यानंतर आवाज चढवून सांगायला लागलो.

इतका चांगला उपाय असून तो गावांत रुजला नाही. मला त्याचं कारण शेतकऱ्याच्या अडाणीपणात कधी दिसलं नाही. झोडणी नोव्हेंबरात, तेव्हा प्रत्येक घरात हात कमी. शंभर किलो पेंढ्यावर प्रक्रिया करायला दोन माणसांचा अर्धा दिवस जातो आणि चार म्हशींना ती काही दिवसच पुरते. प्लॅस्टिक फाटतं, उंदीर लागतात, वर पाऊस पडला तर बुरशी. बुरशीचा पेंढा म्हशीला किती महागात पडतो हे पंजाबात डेगनाला रोगानं दाखवलं आहे: शेपटीचा शेंडा, कान आणि खुर सडून गळतात. प्रात्यक्षिक दाखवून परत जाणाऱ्या आम्हा लोकांना त्या अर्ध्या दिवसाची किंमत कळत नव्हती. कुट्टीयंत्र रुजलं, कारण त्यानं बायकांचा वेळ वाचवला. युरिया प्रक्रियेनं तो खाल्ला.

मुरघासाचं तसं झालं नाही. मका दाण्यात दूध भरून चीक घट्ट होताना कापायचा, ओलावा 65 ते 70 टक्के, काप एक-दोन सेंटिमीटर, हवा दाबून काढायची आणि दीड महिना बंद. हे काम मोठं असलं तरी वर्षातून एकदाच करायचं असतं आणि भाड्यानं यंत्र मिळतं, म्हणून ते पसरलं. आंबूस-गोड वासाचा चांगला मुरघास म्हशी मागून खातात. फक्त वाळलेली वैरण पूर्ण बंद करून तोच घालू नये. पाच-सहा किलो कडबा किंवा काड सोबत असावंच, रवंथासाठी.

अलीकडे लोक विचारतात, कडबा महाग झाला, काय करावं? रब्बी ज्वारीचा पेरा घटतोय, त्या जागी हरभरा आणि ऊस. मळणीयंत्रातून निघणाऱ्या सोयाबीनच्या भुसकटाकडे अनेकजण वळलेत. ते आधीच बारीक असतं, त्याला कुट्टी लागत नाही, पण शेंगांची टरफलं वगळता उरते ती लाकडी काडी. तोंडाला टोचते, धूळ फार. पाण्याचा हबका मारून, हिरव्यात मिसळून दिलं तर खपतं. नुसतं घातलं तर गव्हाण भरलेलीच राहते.

आणि कडबा ज्यांच्याकडे आहे त्यांना मी आता कुट्टीच्या आधीच्या कामाबद्दल बोलतो. ज्वारीची कणसं पक्व झाली पण पाला अजून हिरवट आहे, तेव्हाच काढणी करावी. सगळं उभं वाळू दिलं की पाला कोरडा होऊन गळतो. पेंढ्या बांधायच्या त्या पहाटे, दव असताना. तेव्हा पान मऊ असतं, हाताळताना चुरत नाही. जुनी माणसं कंदील घेऊन बांधणीला जायची. आता पहाटे मजूर मिळत नाहीत, बांधणी दुपारी होते आणि कडब्यातला सर्वांत कसदार भाग शेतातच चुरा होऊन राहतो. नंतर कोणत्याही यंत्रानं तो परत येत नाही. जतमधल्या दोन-तीन घरांनी जास्त मजुरी देऊन पहाटेची बांधणी पुन्हा सुरू केली आहे. बाजारात त्यांच्या शेकड्याला इतरांपेक्षा चढा भाव मिळतो, आणि शिरोळचे म्हैसवाले तो कडबा मकरसंक्रांतीलाच सांगून ठेवतात.